डाग एक, चित्रं अनेक

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

खोपोली स्टेशनात उतरून बोरघाटाकडे मान वर केली, की डोंगराच्या कडेला एक टोकदार सुळका पुढे झुकलेला दिसतो. आपल्या लोकांनी त्याला नाव दिलं नागफणी. फणा काढून बसलेला नाग. पुढे साहेब आला. त्यानं तोच डोंगर पाहिला, पण त्याला नाग काही दिसला नाही. त्याला दिसलं नाक! तेही साधंसुधं नाही, ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं. हा ड्यूक म्हणजे १८०३ साली असईच्या लढाईत मराठी फौजांशी लढलेला आर्थर वेलस्ली. त्याचं नाक इतकं ठसठशीत होतं, की त्याच्या हाताखालचे शिपाईसुद्धा पाठीमागे त्यावरून त्याची थट्टा करत. म्हणून इंग्रजीत आपली नागफणी झाली ‘ड्यूक्स नोज’.

आता सांगा, बरोबर कोण? नाग म्हणणारा की नाक म्हणणारा? डोंगर तर एकच आहे. तो नाग नाही आणि नाकही नाही, तो दगड आहे. पण ज्याच्या घराच्या कुडात नाग निघतो त्याला नाग दिसला आणि ज्याच्या मनात आपला सेनापती होता त्याला सेनापतीचं नाक दिसलं. पाहणाऱ्यानं आपल्या पदरचं काहीतरी त्या दगडात घातलं.

आज मी ज्या चित्रांबद्दल बोलणार आहे, त्यांचं सगळं मर्म या नागफणीत आहे. कागदावर शाईचा डाग पाडायचा, कागद घडी करून दाबायचा, उघडायचा आणि जे उमटलं त्यातून असं चित्र करायचं, की पाहणाऱ्यानं त्यात आपलं काहीतरी पाहावं. मी कर्जत तालुक्यात राहतो, बरीच वर्षं मुलांना चित्रकला शिकवत आलो. या डागांनी मला मुलांबद्दल जेवढं शिकवलं, तेवढं चित्रांबद्दलही शिकवलं नसेल.

आपला जुनाच खेळ

हा काही परदेशातून आलेला नवा प्रकार आहे, असं समजू नका. चंद्रावरच्या डागांत आपल्या पूर्वजांनी ससा पाहिला. संस्कृतात चंद्राला ‘शशांक’ म्हणतात. शश म्हणजे ससा, तो ज्याच्या अंकावर आहे तो शशांक. म्हणजे एका डागाचं वाचन थेट शब्दकोशात जाऊन बसलं. चीनमध्येही लोकांनी तिथं ससाच पाहिला. युरोपातल्या लोकांना मात्र त्याच डागांत माणूस दिसला.

आपल्या गावोगावच्या वेशीवर शेंदूर लावलेला दगड असतो. त्याला नाक नसतं, डोळे नसतात, हातपाय नसतात. अशा न घडवलेल्या देवाला मराठीत ‘तांदळा’ असा सुंदर शब्द आहे. त्या तांदळ्यापुढे उभा राहिलेला माणूस ‘यात देव कुठं आहे, दाखवा’ असं म्हणत नाही. आकार अपुरा आहे, तो पुरा करायचं काम आपलं आहे, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

आणि आमच्याकडचा पाऊस! कर्जत-खालापूरला चार महिने असा पाऊस लागतो, की घराच्या भिंतींना ओल चढते. चुन्याच्या भिंतीवर ओलीचे पिवळे-करडे डाग पडतात. लहानपणी तापानं अंथरुणात पडलेलं असताना त्या डागांत घोडे, म्हाताऱ्या, किल्ले कुणी पाहिले नाहीत? पाचशे वर्षांपूर्वी लिओनार्दो दा विंचीनं आपल्या टिपणांत चित्रकारांना हाच सल्ला दिला होता. डागाळलेल्या भिंतीकडे बघत बसा, त्यात डोंगर, नद्या, लढाया, चेहरे सापडतील, असा त्याचा अर्थ. पण त्यानं एक पुस्तीही जोडली होती. हे डाग तुम्हाला कल्पना देतील, पण चित्र पुरं कसं करायचं ते शिकवणार नाहीत. ही पुस्ती लक्षात ठेवा, ती पुढे आपल्याला लागणार आहे.

मेंदू रिकामी जागा ठेवत नाही

असं का होतं? आपला समज असा असतो, की डोळा म्हणजे कॅमेरा. समोर जे आहे ते जसंच्या तसं आत जातं. तसं नाही. डोळ्याकडून मेंदूला जी माहिती मिळते ती तुटक आणि अपुरी असते. ती जोडून अर्थ लावायचं काम मेंदू करतो आणि त्यासाठी तो आपल्या आठवणींचं कोठार वापरतो. संध्याकाळी रानातून घरी येताना झुडूप हललं, तर आधी ‘जनावर’ वाटतं आणि मग ‘झुडूप’. ही चूक फायद्याची आहे. झुडपाला वाघ समजलं तर फार तर धावपळ होते, वाघाला झुडूप समजलं तर जीव जातो.

चेहऱ्यांच्या बाबतीत तर मेंदू फारच उतावीळ असतो. मेंदूच्या खालच्या बाजूला चेहरे ओळखण्यात विशेष भाग घेणारा एक प्रदेश आहे. दोन ठिपके आणि खाली एक रेघ मिळाली, की त्याचं काम सुरू. १९७६ साली व्हायकिंग-१ या यानानं मंगळाच्या जमिनीचा एक फोटो पाठवला. त्यात एका टेकडीवर माणसाचा चेहरा दिसत होता. जगभर चर्चा झाली. पुढे १९९८ आणि २००१ मध्ये जास्त स्पष्ट फोटो आले आणि चेहरा गेला, टेकडी उरली. या प्रकाराला शास्त्रात पॅरेडोलिया म्हणतात. हा काही आजार नाही, हा निरोगी मेंदूचा गुण आहे.

घडी घातलेल्या डागाची आणखी एक गंमत आहे. घडीमुळे डाग दोन्ही बाजूंना सारखा उमटतो. निसर्गात अशी डावी-उजवी सारखी रचना कुणाची असते? प्राण्यांची, पाखरांची, किड्यांची, आपली स्वतःची. दगडाची नसते, ढगाची नसते. त्यामुळे घडीचा डाग पाहिला, की मेंदू म्हणतो, ‘हे काहीतरी जिवंत आहे.’ म्हणूनच पहिलं उत्तर बहुतेक वेळा फुलपाखरू, वटवाघूळ किंवा मुखवटा असं येतं. हाच कागद आडवा फिरवा. आता घडीची रेघ आडवी झाली आणि ती क्षितिज बनली. वरचा डाग झाला डोंगर आणि खालचा त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब. खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणाच्या काठी वारा नसलेल्या सकाळी उभं राहिलेल्या माणसाला हे चित्र वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. कागद तोच, शाई तीच. नुसता पाव फेरा फिरवला आणि जनावराचं पाणी-डोंगर झालं.

कवी, डॉक्टर आणि ‘डाग्या’

या खेळाचा इतिहासही मजेदार आहे. १७८५च्या सुमारास अलेक्झांडर कोझन्स या इंग्रज चित्रकारानं निसर्गचित्राची कल्पना सुचावी म्हणून कागदावर आधी डाग पाडायची पद्धत पुस्तकात मांडली. जर्मनीत युस्टिनुस केर्नर नावाचा एक डॉक्टर कवी होता. म्हातारपणी त्याची नजर अधू झाली. लिहिताना कागदावर शाई सांडायची. चिडून कागद फेकण्याऐवजी त्यानं त्याची घडी घातली. उघडल्यावर त्यात भुतंखेतं दिसू लागली. त्या आकारांवर तो कविता करू लागला. केर्नर १८६२ मध्ये वारला आणि त्याचं हे पुस्तक निघालं १८९० मध्ये. म्हातारपणानं केलेल्या सांडलवंडीतून एक पुस्तक झालं!

पुढे हा युरोपातल्या मुलांचा आवडता खेळ झाला. स्वित्झर्लंडमधल्या एका चित्रकला शिक्षकाच्या मुलाला त्याचा इतका नाद होता, की शाळेतल्या मित्रांनी त्याचं नाव ‘क्लेक्स’ ठेवलं. म्हणजे शाईचा डाग. आपल्याकडे असता तर त्याला ‘डाग्या’ म्हटलं असतं. हा डाग्या म्हणजेच हरमान रोर्शाक. तो मोठेपणी मनोविकारतज्ज्ञ झाला. १९२१ मध्ये त्यानं दहा डागांची कार्डं असलेलं आपलं पुस्तक प्रसिद्ध केलं. पाच कार्डं काळ्या-करड्या रंगांत, दोन काळ्यात लाल मिसळलेली आणि तीन रंगीत. तो समोरच्याला विचारायचा, ‘हे काय असू शकेल?’ पुस्तक निघाल्यावर वर्षही पुरं झालं नाही, तोच एप्रिल १९२२ मध्ये पोटाच्या दुखण्यानं तो वारला. तेव्हा तो अवघा ३७ वर्षांचा होता.

एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. रोर्शाकची ती कार्डं म्हणजे नुसते सांडलेले डाग नव्हेत. तो चांगला चित्रकार होता. त्यानं ते आकार हातानं, ब्रशनं काळजीपूर्वक घडवले होते. आकार असा हवा, की त्यात बरंच काही दिसावं, पण कुणीतरी मुद्दाम काढला आहे असं वाटू नये. हे वाटतं तितकं सोपं नाही.

आणि इथंच एक सूचना देऊन ठेवतो. डॉक्टरी कामातली ती चाचणी ही शिकलेल्या मानसशास्त्रज्ञांची गोष्ट आहे. तिच्या निष्कर्षांवर किती विसंबावं याबद्दल तज्ज्ञांमध्येही वर्षानुवर्षं वाद आहेत. त्यामुळे घरी डाग दाखवून ‘तुला साप दिसला म्हणजे तुझ्या मनात भीती आहे’ असली भविष्यं कुणाला सांगू नका. विशेषतः मुलांना. आपला हा खेळ माणसाला तपासायचा नाही, त्याला बोलतं करायचा आहे.

करून पाहायचं तर

साहित्य अगदी थोडं लागतं. ड्रॉइंगचा जाडसर कार्ट्रिज कागद, शाई, औषधाचा ड्रॉपर आणि खाली अंथरायला जुनं वर्तमानपत्र. शाई कुठलीही चालते. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी मुंबईत घोडाछाप शाईच्या पुड्या करायला सुरुवात केली आणि त्यातूनच पुढे कॅम्लिन उभी राहिली. आमच्या पिढीचे डाग त्याच शाईचे! फक्त एवढं लक्षात ठेवा, की फाउंटन पेनची शाई पाण्यानं पसरते आणि उन्हात फिकट होते. चित्र टिकवायचं असेल, त्यावर दुसरा रंग द्यायचा असेल, तर पाण्यानं न निघणारी ड्रॉइंगची काळी शाई घ्या. ती मात्र चुकूनही पेनात भरू नका, पेन तुंबतं.

कागदाची घडी आधीच घाला आणि उघडा. घडीच्या रेघेजवळ शाईचे चार-पाच थेंब टाका. पुन्हा घडी घाला आणि रेघेपासून बाहेरच्या दिशेनं बोटांनी शाई सारत न्या. जिथं जोरानं दाबाल तिथं ती फिकी आणि लांब पळेल, जिथं सैल सोडाल तिथं दाट साचेल. लगेच उघडा. शाई जास्त झाली तर नुसतं काळं डबकं होतं, कमी झाली तर ठिपके राहतात. पहिले दहा कागद वाया जाणार हे धरूनच चाला.

एका बाजूला आधी थोडं पाणी लावलं, तर तिथली कड धुरकट होते, कोरड्या भागातली कड धारदार राहते. एकाच डागात धुकं आणि कडा दोन्ही मिळतात. शाईत बुडवलेला दोरा घडीत ठेवून, वर पुस्तकाचं वजन ठेवून, दोऱ्याचं बाहेरचं टोक ओढलं, तर शंख किंवा फूल उमलल्यासारखे आकार येतात. आपल्यापैकी अनेकांनी हे शाळेत केलं असेल.

हवेचाही यात हात असतो. आमच्याकडे जुलैत कागद इतका दमट होतो, की शाईला मिशा फुटतात, ती तंतूतंतूंतून पसरत जाते. एप्रिलमध्ये घडी घालेपर्यंत थेंब वाळायला लागतो. म्हणून पावसाळ्याचे डाग आणि उन्हाळ्याचे डाग मला नुसते पाहून ओळखता येतात. यात चांगलं-वाईट काही नाही, पण कागद मात्र पत्र्याच्या पेटीत ठेवा, नाहीतर शाईच्या डागाआधी बुरशीचे डाग पडतील!

कोणता डाग ठेवायचा?

खरं काम इथून सुरू होतं. वीस डाग पाडले तर त्यातले तीन-चार ठेवण्याजोगे असतात. कसे निवडायचे? मी एक साधी रीत ठेवली आहे. डाग चारही बाजूंनी फिरवून तीन माणसांना दाखवायचा. तिघांनाही एकच गोष्ट दिसली, तर तो डाग बाजूला. त्यात आता शोधण्यासारखं काही उरलेलं नाही. तिघांनाही काहीच दिसलं नाही, तर तोही बाजूला. त्यात शिरायला दारच नाही. तिघांना तीन गोष्टी दिसल्या आणि एकानं सांगितलेली दुसऱ्यालाही ‘अरे हो, खरंच की’ म्हणून पटली, तर तो डाग ठेवायचा.

मग त्यात काय भर घालायची? पहिला मोह होतो डोळे काढायचा. तो टाळा. एकदा डोळा काढला, की सगळा डाग त्या डोळ्याचा गुलाम होतो. तीच गोष्ट मापाची. डागाशेजारी मुंगीएवढा माणूस काढला, तर डाग एकदम डोंगर होतो. त्याच ठिकाणी एक पान काढलं, तर तोच डाग किडा होतो. म्हणजे एका लहानशा खुणेनं पाहणाऱ्याच्या निम्म्या वाटा बंद होतात. त्यापेक्षा एखादा भाग थोडा गडद करा, एखाद्या ठिकाणी फिका करडा हात फिरवा, मागे दूरचा असा एक रंग द्या. आणि डागाच्या आत राहिलेल्या पांढऱ्या जागांना हात लावू नका. अनेकांना काळ्यापेक्षा पांढऱ्यातच काहीतरी दिसतं.

चित्राला नाव देऊ नका, नुसता क्रमांक द्या. खाली ‘फुलपाखरू’ असं लिहिलंत, की पाहणारा फुलपाखरू शोधतो, ते सापडलं की समाधानानं पुढे जातो. आणखी एक बारीक गोष्ट मला फार उशिरा कळली. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात सही केली, की वरची बाजू कोणती हे ठरून जातं. म्हणून मी सही कागदाच्या मागे करतो आणि चित्राला चारही बाजूंनी टांगायची सोय ठेवतो.

लिओनार्दोची ती पुस्ती इथं लागू पडते. डाग आपोआप पडतो, चित्र आपोआप होत नाही. काय ठेवायचं, काय टाकायचं, कुठं थांबायचं हे चित्रकारालाच ठरवावं लागतं. फक्त इथं थांबायचं असतं ते आपल्याला उत्तर सापडायच्या जरा आधी.

चिठ्ठ्यांची पेटी

एकदा गावच्या उत्सवात शाळेच्या एका वर्गात दोरी बांधून, कपड्यांचे चिमटे लावून अशी बारा चित्रं टांगली. प्रत्येकाखाली कोरा कागद आणि पेन्सिल. ‘काय दिसतं ते लिहा’ एवढीच पाटी. संध्याकाळी पाहतो तर एका चित्राखाली पहिल्यानं ‘गणपती’ लिहिलं होतं आणि त्याखाली ओळीनं सगळ्यांनी गणपतीच लिहिलं होतं! पहिल्या माणसानं सगळ्यांचे डोळे उसने घेतले. गणपतीला नाही म्हणायचं धाडस तरी कोण करणार?

दुसऱ्या दिवशी कागद काढले आणि बुटाच्या खोक्याला फट पाडून चिठ्ठ्यांची पेटी केली. आता दुसऱ्यानं काय लिहिलं ते कुणाला दिसत नव्हतं. त्याच चित्राच्या चिठ्ठ्या उघडल्या तर एकीत चिंबोरी, एकीत आवणाची मूठ, एकीत ‘आमची म्हातारी चुलीपुढं बसलीय’. एका रेल्वेवाल्या गृहस्थांनी लिहिलं होतं, ‘कर्जतला गाडीच्या मागं लावलेली इंजिनं’. घाट चढायला गाडीला मागून रेटा देणारी बँकर इंजिनं त्यांनी आयुष्यभर पाहिलेली. ज्या गावकऱ्यांना आदल्या दिवशी एकच गोष्ट दिसत होती, त्यांनाच दुसऱ्या दिवशी पंधरा-वीस गोष्टी दिसल्या. चित्र बदललं नव्हतं. फक्त चूक ठरण्याची भीती गेली होती.

ही भीती घालणाऱ्यांत मीही होतो, हे इथं कबूल केलं पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी वर्गात असाच एक डाग दाखवला होता. सगळा वर्ग ‘फुलपाखरू’ म्हणून ओरडला. मागच्या बाकावर डोंगरातल्या ठाकरवाडीतून येणारी एक मुलगी होती. ती सहसा बोलायची नाही. त्या दिवशी ती म्हणाली, ‘राब भाजलाय.’ पावसाआधी भाताच्या रोपांसाठी पाला, गोवऱ्या पसरून जमीन भाजतात, त्याला आमच्याकडे राब म्हणतात. भाजलेल्या जमिनीचा काळा, कडेला राखेचा करडा झालेला तुकडा. मी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. हसून म्हणालो, ‘अगं, नीट बघ. फुलपाखरू नाही का दिसत?’ वर्ग हसला. तिनं मान हलवली आणि म्हणाली, ‘हो गुरुजी, फुलपाखरू.’

घरी आल्यावर तो कागद पुन्हा पाहिला. मधे दाट काळं, कडेला विरत गेलेलं करडं. तो हुबेहूब भाजलेला राब होता. सगळ्या वर्गात खरं पाहिलं होतं ते तिनं एकटीनं. बाकीच्यांनी पुस्तकातलं फुलपाखरू आठवलं होतं. आणि मी तिच्याकडून तिचं पाहणं काढून घेऊन तिच्या हातात इतरांचं उत्तर ठेवलं होतं. त्यानंतर ती माझ्या तासाला पुन्हा आपणहून काही बोलल्याचं मला आठवत नाही. चिठ्ठ्यांची ती पेटी बऱ्याच वर्षांनी आली, पण ती खरं म्हणजे तिच्यासाठी केली होती.

‘यातलं आपल्याला काही कळत नाही’

चित्रांच्या प्रदर्शनात आपल्याकडे हे वाक्य हमखास ऐकू येतं. चांगली शिकलेली, कर्ती माणसं अमूर्त चित्रापुढे उभी राहिली, की एकदम परीक्षेला बसल्यासारखी अवघडतात. चित्रकाराच्या मनात एक उत्तर आहे आणि ते आपल्याला ओळखायचं आहे, असा त्यांचा समज असतो. पण अनेक मोठ्या चित्रकारांनी असं उत्तर ठेवलेलंच नव्हतं.

रवींद्रनाथ ठाकूर कवितांच्या हस्तलिखितात शब्द खोडायचे. त्या खाडाखोडीचे काळे ठिपके एकमेकांना जोडता जोडता त्यातून पक्षी, चेहरे, विचित्र प्राणी निघू लागले. त्यातूनच साठी उलटल्यावर ते चित्रकार झाले आणि १९३० मध्ये पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. आपल्या बहुतेक चित्रांना त्यांनी नावं दिली नाहीत. नागपूरला १९२४ मध्ये जन्मलेले वासुदेव गायतोंडे रोलरनं आणि सुरीनं रंगाचे थर चढवत, खरवडत चित्रं करत राहिले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. तिथंही अनेक चित्रांखाली शीर्षक नव्हतंच. आणि आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या, अलिबागजवळच्या नागावचे प्रभाकर बरवे. घड्याळ, पान, फळ, टाचणी अशा साध्या वस्तू ते चित्रात अशा काही अंतरांवर ठेवायचे, की त्यांना जोडणारा धागा पाहणाऱ्यालाच विणावा लागे. ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचं मराठी पुस्तक १९९० मध्ये आलं. चित्र कसं सुचतं हे समजून घ्यायचं असेल, तर ते जरूर वाचा.

ही सगळी चित्रं शाईच्या डागासारखीच आहेत, असं मी म्हणत नाही. त्यामागे आयुष्यभराची साधना आहे. पण त्यांच्यापुढे उभं राहायची सवय मात्र डागांनी लागते. ‘हे काय आहे?’ या प्रश्नाऐवजी ‘मला काय दिसतंय?’ असं विचारता आलं, की निम्मा अवघडलेपणा जातो.

तोच डोंगर

शेवटी पुन्हा एका डोंगराकडे येतो. खालापूर तालुक्यात इरशाळगड आहे. त्याच्या सुळक्यात आरपार भोक आहे. त्याला आपण नेढं म्हणतो. सुईचं नेढं असतं तसं. म्हणजे कुणीतरी त्या कातळात सुई पाहिली होती. कित्येक वर्षं आम्ही मुलांना लांबून ते नेढं दाखवायचो आणि मुलं त्या आकारात काहीबाही शोधायची. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच डोंगराचा भाग खाली इरशाळवाडीवर आला. २७ जणांचे मृतदेह हाती लागले, ५७ माणसं बेपत्ता राहिली. ती ठाकर समाजाची वाडी होती.

त्यानंतर या भागातल्या माणसाला त्या सुळक्याकडे पाहताना सुई दिसत नाही. शनिवार-रविवारी फिरायला येणाऱ्याला कदाचित दिसत असेल. डोंगर एकच आहे, दोघंही खोटं बोलत नाहीत. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत त्याचं आयुष्य असतं. म्हणून कुणी एखाद्या काळ्या डागात दरड पाहिली, मोडलेलं घर पाहिलं, तर ‘असलं काय अभद्र बघतोस’ असं म्हणून त्याला फुलपाखराकडे ओढून नेऊ नये. तो जे पाहतो आहे ते ऐकून घ्यावं. चित्राचं काम तेवढंच असतं, आणि ते कमी नाही.

तेव्हा एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरातल्या सगळ्यांना घेऊन बसा. आजीपासून नातवापर्यंत. कागद, शाई, जुना पेपर. डाग पाडा. प्रत्येकानं आपापलं उत्तर चिठ्ठीवर लिहायचं आणि मग एकेक वाचायची. ज्या घरात रोज फक्त ‘जेवलास का’ आणि ‘लाइट बिल भरलं का’ एवढंच बोललं जातं, तिथं आजोबांनी चिठ्ठीत त्यांच्या बुडालेल्या विहिरीबद्दल किंवा विकलेल्या बैलाबद्दल लिहिलेलं निघेल. त्यांनी ते आजवर कुणाला सांगितलेलं नसेल, कारण कुणी विचारलेलंच नसेल.

आणि विचारताना एवढं सांभाळा. ‘हे काय आहे?’ असं नका विचारू. ‘तुला यात काय काय दिसतं?’ असं विचारा. आणि उत्तर आलं, की मान वर करण्याआधी एकदा कागदाकडे नीट बघा.